आई-बाबा, छातीत दुखलं तर मशीन बाजूला ठेवा, आधी १०८

प्रिय आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारत होता ना, ते खिशात मावणारं ईसीजी मशीन घेऊया का, छातीत दुखलं तर घरीच बघता येईल, रात्री-अपरात्री कुणाची झोपमोड नको. मशीन मी मागवलंय, या आठवड्यात कुरियर येईल. पण ते आईच्या धडधडीसाठी आहे, छातीत दुखण्यासाठी नाही. मध्येच रेंज गेली म्हणून हे नीट बोलायचं राहिलं, तर आता सविस्तर लिहिते, दोघांनी मिळून वाचा.

आईची धडधड येते नि थोड्या वेळात जाते, दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी एकदम स्वच्छ. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावला आणि नेमकी त्या दिवशी धडधड आलीच नाही तर त्यात काय सापडणार? हे मशीन मात्र धडधड चालू असतानाच ३० सेकंदांचा ग्राफ पकडतं आणि पीडीएफ तिथल्या तिथे डॉक्टरांना व्हॉट्सॲप करता येते. ठोके अनियमित पडायचा जो आजार आहे, एट्रियल फिब्रिलेशन, तो वयाबरोबर वाढतो, त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते आणि स्ट्रोक येतो. वेळेत कळलं तर रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी धोका बराच कमी होतो. म्हणून आईला हे मशीन हवंच.

आई, वापरताना खुर्चीत नीट बस, दोन्ही कोपरं टेबलावर टेकव, दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांवर हलकी ठेव, दाबू नको आणि तेवढा वेळ बोलू नको. हाताला खोबरेल असेल तर आधी धुऊन पूस. बाबांची बोटं सुपारी सोलून सोलून राठ झालीत, त्यांचा ग्राफ नुसता थरथरत येईल, त्यांनी बोटं जराशी ओली करावीत.

आता दुखण्याचं. बाबा, हे मशीन फक्त दोन हातांच्या मधून हृदयाकडे बघतं, म्हणजे एकच लीड. आपल्या पुढच्या पडवीत उभं राहून मागचं न्हाणीघर दिसतं का? तसंच आहे हे. हृदयाच्या खालच्या किंवा मागच्या भिंतीची रक्तवाहिनी बंद झाली असेल तरी इथे "नॉर्मल" लिहून येऊ शकतं. इस्पितळात दहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावून बारा लीडचा ईसीजी काढतात तो यासाठीच, आणि तोही पहिल्या वेळी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने परत काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघतात. ॲपलचं घड्याळसुद्धा ईसीजी काढताना स्वतःच सांगतं की हार्ट अटॅक मला ओळखता येत नाही. बारा लीडवाली छोटी मशीनं पण मिळतात हे मला माहीत आहे, पण ती छातीवर एकेका जागी टेकवत जायची, जागा थोडी सरकली तरी ग्राफ बदलतो, आणि घाम फुटलेल्या माणसाने ते करत बसायचं की गाडी बोलवायची? ऑक्सिमीटर आणि बीपीच्या मशीनचंही तेच, अटॅकमध्येसुद्धा आकडे चांगले दिसू शकतात.

मला खरी भीती त्या "नॉर्मल" शब्दाचीच वाटते. तो दिसला की तुम्ही म्हणणार गॅस झालाय, ओवा खाणार, तिवळ पिऊन पडून राहणार आणि सकाळी बघू म्हणणार. बाबा, तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत जातो आणि मेलेला परत येत नाही.

त्यामुळे छाती दाबल्यासारखी वाटली, दुखणं हाताकडे, जबड्याकडे, पाठीत गेलं, गार घाम आला, की लगेच १०८. आईला शुगर आहे, तिला कदाचित छातीत दुखणारच नाही, नुसता दम लागेल, मळमळेल, पोटाच्या वरच्या बाजूला जड वाटेल, तेव्हा "काही नाही गो" म्हणून ऐकून घेऊ नका. ॲस्पिरिन चावायची का ते १०८ वाल्यांना फोनवरच विचारा, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी तर मनाने अजिबात नको, बीपी एकदम पडू शकतं. स्कूटर काढायची नाही, शेजारच्याच्या मागे बसूनही जायचं नाही. आपल्याकडे हार्ट अटॅकसाठी स्टेमी गोवा म्हणून सरकारी योजना आहे, तालुक्याच्या इस्पितळात ईसीजी काढून तो बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) हार्टच्या डॉक्टरांना पाठवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच देतात, मग पुढे नेतात. एवढी सोय असताना सावईवेऱ्यात घरी बसून फोनवर ग्राफ बघायचा, हे मला पटत नाही.

आणि कुणाची झोपमोड होईल हा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. मला रात्री दोन वाजता उठवा, पण आधी १०८, मग मला. गाडी येतेय म्हटल्यावर बाहेरचे दिवे लावायचे, कुत्र्याला बांधायचं, गेट उघडं ठेवायचं आणि कुणाला तरी रस्त्यावर उभं करायचं, कारण कुळागराचं आतलं वळण नव्या ड्रायव्हरला दिवसासुद्धा सापडत नाही.

आई, तुमच्या दोघांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आज पाठव, नाव आणि एमजी दिसतील असे. मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून ठेवते, चवथीला आले की फ्रिजवर लावू, तोवर जुनी प्रिस्क्रिप्शनं एका पिशवीत घालून दाराजवळ अडकवून ठेवा.

तुमची,
बाय