तळ्याच्या रात्रपाळीबद्दल आभार

प्रिय काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आता ओळखीतल्या ज्याला त्याला परसात माशांचं तळं करायचंय आणि प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तरं मी देते, पण ती तुमची असतात. एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मी मोकळी.

तळं म्हटलं की माणसं आधी आकार, दगड आणि माशांचे रंग यांच्यावर बोलतात. तुम्ही आराखड्याचा कागद हातातसुद्धा घेतला नाहीत. विचारलंत, "पहाटे पाच वाजता वीज गेलेली असेल, तर या पाण्यात काय होईल?" पुढचं सगळं काम मी या एका प्रश्नाला धरून केलं.

दिवसा तळं स्वतःचं स्वतः बघतं. ऊन असतं, शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडत असतात. अंधार पडला की त्याच वनस्पती प्राणवायू सोडणं थांबवतात, नुसता घेत राहतात. मासे घेतच असतात, फिल्टरमधले जिवाणू घेतात, तळाशी कुजणारी पानंही घेतात. रात्रभर खर्चच खर्च, जमा जवळजवळ शून्य. म्हणून पाण्यात सगळ्यात कमी प्राणवायू असतो तो सूर्य उगवण्याच्या थोडं आधी. त्यात उकाडा असेल तर मुळातच भांडवल कमी: 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. माशांची भूक आणि श्वास मात्र गरम पाण्यात वाढतात. हे तुम्ही मला खडूने फरशीवर रेघ काढून दाखवलं होतं. दुपारी वर चढणारी, पहाटे खाली घसरणारी. ती रेघ पुसली गेली, पण डोक्यातून जात नाही.

तळं सौर पॅनेलवर चालवायचं का, हा विषय त्या प्रश्नामुळे आपोआप जागेवर आला. ऊन असेल तोवर चालणारे छोटे सौर कारंजे दिसायला छान असतात, पण गरज सगळ्यात कमी असते तेव्हाच ते जोरात चालतात आणि पहाटे गप्प. मग सगळंच बॅटरीवर टाकायचं का? तुम्ही म्हणालात, आधी आकडे मांड. मांडले.

पाणी किती, हा पहिला आकडा. लांबी 3 मीटर, रुंदी 2, खोली 1.2, म्हणजे पेटीच्या हिशेबाने 7,200 लिटर. पण कडा उतरत्या, एका बाजूला झाडांसाठी पायरी, म्हणून खरं पाणी त्याहून बरंच कमी. ते अंदाजाने ठरवू दिलं नाहीत तुम्ही. नळाखाली 20 लिटरची बादली लावून ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायला लावलंत आणि मग तळं भरायला लागलेल्या वेळावरून हिशेब. साडेपाच हजार लिटरच्या आसपास आलं. पुढे पंप, फिल्टर, माशांची संख्या, क्लोरीन काढायच्या औषधाचं प्रमाण, सगळं या एका आकड्यावर ठरतं, म्हणून तो तुम्हाला नीट हवा होता.

आता पंप. सगळं पाणी निदान दोन तासांत एकदा फिल्टरमधून जावं, म्हणजे तासाला पावणेतीन हजार लिटर. आपण 3,000 धरले. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, हे मी तुमच्याकडून शिकले आणि आता भेटेल त्याला सांगत सुटते. उंची मोजायची ती पंपापासून नाही, पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथे पडतं तिथवर. आपल्याकडे ती 1 मीटर. पाईप, वळणं आणि फिल्टर यांच्या घर्षणाचा आणखी अर्धा मीटर धरला. म्हणजे दीड मीटर हेडला (उंची आणि घर्षण मिळून) तासाला 3,000 लिटर देणारा पंप हवा, आणि ते खोक्याच्या दर्शनी बाजूवर नाही, आतल्या आलेखावर बघायचं.

नुसतं पाणी उचलायला इथे 12 वॉटसुद्धा पुरतात. छोट्या पंपांचं निम्म्याहून जास्त बळ वाया जातं, म्हणून प्रत्यक्षात 50 वॉट. दिवसाला 1.2 युनिट, महिन्याला 36. हेच काम 200 वॉटच्या गटारी पंपाला दिलं असतं तर महिन्याला 144 युनिट. तळ्याचा पंप रात्रंदिवस चालतो, त्यामुळे घेतानाच्या किमतीपेक्षा वॉट बघ, असं तुम्ही म्हणालात ते बिल बघितल्यावर पटतंच. पाईपही तुम्ही 25 ऐवजी 32 मिलिमीटरचा घ्यायला लावलात. तेवढ्या फरकाने घर्षण एक तृतीयांशाच्याही खाली येतं. काटकोनी जोड टाळून लांब वळणाचे जोड घेतले. ही कामं दिसत नाहीत, कुणी कौतुक करत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

तर बॅटरी. मुख्य पंप रात्रीचे बारा तास बॅटरीवर चालवायचा तर 600 वॉट-तास लागतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी, तीही इन्व्हर्टरमधली गळती न धरता. तुम्ही कागदावर आडवी रेघ मारलीत आणि म्हणालात, "पाणी फिरवणं घरच्या विजेवर. श्वास बॅटरीवर." म्हणजे 10 वॉटचा, थेट 12 व्होल्टवर चालणारा एअर पंप वेगळा. त्याला चोवीस तासांना 240 वॉट-तास. 40 अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तर बरोबर एक अख्खा दिवस निघतो, मधे इन्व्हर्टर लागतच नाही. आणि ती भरायला 100 वॉटचं पॅनेल, चार तासांचं पूर्ण ऊन आणि तीस टक्के गळती धरूनसुद्धा पुरतं. सलग ढगाळ दिवस आले तर साध्या चार्जरने घरच्या विजेवर भरायची सोय ठेवलीय. एवढी साधी विभागणी, पण मी कितीतरी मोठ्या, महागड्या तळ्यांवर ती बघितलेली नाही.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगायला लावलात, वर नळीत एकदिशा झडपही घातलीत, कारण पंप बंद पडला की नळीतून पाणी उलटं चढून मोटरमध्ये जातं. आणि पाण्यातला पंप तळाला नाही, तळापासून हातभर वर, विटांवर. बाहेरची नळी कधी निसटली, तर पंप विटांपर्यंतचं पाणी उपसेल आणि थांबेल. खाली माशांपुरतं पाणी उरेल. हा विचार किती जणांना सुचला असता?

विजेच्या कामात मात्र तुम्ही माझं काही ऐकून घेतलं नाहीत. केबल पाईपमधून, 60 सेंटिमीटर खोल चरातून, वर वाळू, वाळूवर इशाऱ्याची पिवळी पट्टी, मग माती. सॉकेट झाकणाचं, पाण्याच्या शिंतोड्यांच्या वर, आणि वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन, म्हणजे ओघळणारा थेंब झोळापाशीच गळून जातो. अर्थिंग मोजून घेतलं. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) तर हवीच, पण तुम्ही तळ्याला ती घरापासून वेगळी दिलीत. पावसात बागेतल्या एखाद्या दिव्यामुळे घरची आरसीसीबी ट्रिप झाली म्हणून फिल्टर रात्रभर बंद, असं व्हायला नको. तिचं टेस्टचं बटण मी महिन्यातून एकदा दाबते. आणि पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद करते, दर वेळी, तुम्ही बघत नसताना सुद्धा.

खणण्याच्या दिवसांबद्दल थोडक्यात. जागा झाडाखालची नको (पानं), बांबूजवळची नको (मुळं लायनर, म्हणजे पाणी जिरू नये म्हणून खड्ड्यात अंथरायची चादर, भोसकतात), आणि बागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यातली तर नकोच, कारण पावसाचं पाणी वाफ्यांतलं खत आणि कीटकनाशक घेऊन थेट तळ्यात उतरतं. काठ चारी बाजूंनी समपातळीत आहे की नाही ते तुमच्या पाणसळीच्या पारदर्शक नळीने तपासलं. एक टोक तुम्ही धरलेलं, एक मी, आणि नळीतलं पाणी स्थिर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एका बाजूला बोटभर फरक निघाला, तो तिथल्या तिथे काढला. लायनरचं माप: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांना 30 सेंटिमीटर. म्हणजे 6 मीटर बाय 5. खाली जाड फेल्ट.

त्यानंतर जे तुम्ही शिकवलंत ते पाईप-वायरींपेक्षा कठीण होतं: थांबणं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया येतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विष, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यांना घाई करता येत नाही. घरातली लहान मुलं रोज विचारायची, मासे कधी? मी तुमच्याकडे बोट दाखवायची. शेवटी थोडेच गोल्डफिश आले, अमोनिया आणि नायट्राइट तपासत तपासत आणखी थोडे. कोई कार्पचा मोह तुम्ही आधीच मोडला होतात. तो दोन फुटांपर्यंत वाढतो, एकेकाला हजार लिटर तरी हवेत, आणि साडेपाच हजारांत पाच मासे बघून मुलांचं समाधान झालं नसतं.

फिल्टरच्या झाकणावर तुम्ही मार्करने लिहिलंय, "बराच वेळ बंद होता? पहिलं पाणी झाडांना." अक्षर वाकडं, पण मजकूर सोन्याचा. फिल्टर काही तास बंद राहिला की आतले जिवाणू गुदमरून मरायला लागतात आणि ते कुजकं पाणी पुन्हा चालू केल्याबरोबर तळ्यात जातं. त्याच्या शेजारी मी माझ्या अक्षरात भर घातलीय: "स्पंज नळाखाली धुवायचा नाही, तळ्याच्याच पाण्यात." नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, ही गोष्ट पाहुण्यांना समजावत बसण्यापेक्षा हे बरं.

मागे एकदा संध्याकाळी वीज गेली ती सकाळी उजाडल्यावर आली. पहाटे मी विजेरी घेऊन गेले. धबधबा बंद, फिल्टर बंद, आणि तळ्याच्या मधोमध एअर स्टोनवरून, म्हणजे हवेच्या नळीच्या टोकाच्या सच्छिद्र दगडावरून, बुडबुड्यांचा बारीक खांब वर येत होता. पाणी उकळल्यासारखं तिथे थरथरत होतं. मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून हपापलेले दिसतील अशी मनाची तयारी करून गेले होते. ते खाली, लिलीच्या कुंडीभोवती, नेहमीसारखे रेंगाळत होते. एक तर माझ्या विजेरीवर नाराज होऊन पानाआड गेला. बॅटरीचं मीटर बघितलं, निम्म्याच्या बऱ्याच वर होतं. त्या वेळी तुम्हाला फोन करणार होते, पण तुमची झोप मोडली असती.

एका बाबतीत आपलं जमत नाही ते नाहीच. पाणी हिरवं झालं की शेवाळ मारणारा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लाव, असं तुम्ही म्हणता. मी म्हणते, आणखी एक वायर, आणखी वॉट, आणि वर्षभराने जोर कमी होणारा दिवा बदला. शिवाय काठाला लोंबणाऱ्या तंतूंच्या शेवाळावर त्याचा काही परिणाम नाही. मी लिलीची पानं पृष्ठभागाच्या निम्म्यापर्यंत पसरू दिली, खाणं कमी केलं, आणि पाणी हळूहळू निवळलं. तुम्ही म्हणाल, योगायोग. म्हणा.

तुम्ही विकायला आलेला माणूस नव्हता, तुमचं यात काही अडलेलं नव्हतं, आणि तरी गुडघे दुखत असताना चराच्या काठावर बसून एकेक जोड बघितलात. त्याबद्दल मनापासून आभार, काका. घरातल्या सगळ्यांकडून, मुलांकडून जरा जास्त.

पाणसळीची नळी अजून माझ्याकडेच आहे, धुऊन गुंडाळून ठेवलीय. कोपऱ्यावरच्या घरातले दोघं आता खणायला घेताहेत. त्यांना ती दिली तर चालेल का, तेवढं कळवा. आणि दुसरं टोक धरायला तुम्ही याल असं मी त्यांना सांगून बसलेय.

तुमची,
भिंतीपलीकडची शेजारीण