मागची बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हॅनमध्ये झोपण्याची नि स्वयंपाकाची सोय करून कोकणात किंवा घाटावर निघणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. इंजिन तासन्‌तास चालले, तरी पंखा, दिवे आणि फ्रीज चालवणारी मागची बॅटरी भरत नाही. गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते : बॅटरी गेली, नवी टाका. काही महिन्यांत नवीचीही तीच गत होते, कारण तिच्यापर्यंत येणारी वायर, रिले (इंजिन चालू असताना पुढची नि मागची बॅटरी आपोआप जोडणारा स्विच) आणि अर्थ (बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जिथे जोडतात तो जोड) कोणी तपासलेलेच नसतात. पंधरा हजारांची बॅटरी भंगारात देण्याआधी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा आणि पुढील तपासणी याच क्रमाने करावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आधी सगळे दिवे-पंखे बंद ठेवून बॅटरी सहा-आठ तास तशीच राहू द्या आणि थेट तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. लेड-ॲसिड बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरा. पुढच्या, म्हणजे स्टार्टरच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. तिथेच १२.५ दिसत असेल, तर आधी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज देणारे यंत्र) आणि त्याचा पट्टा बघा. पुढे १४.२ आणि मागे १२.४ असेल, तर फ्यूज उडालेला आहे, रिले जोडला जात नाही किंवा वायर तुटली आहे. पुढे १४.२ आणि मागे १३.२ असेल, तर वाटेतच एक व्होल्ट खर्च होतो आहे. सर्वाधिक चकवणारा दोष हाच, कारण चार्जिंग 'चालू' दिसते, पण बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट साचते आणि चांगली बॅटरी खरोखरच मरते.

हा व्होल्ट कुठे जातो, हे शोधायला मीटरची एक तार पुढच्या बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी मागच्या बॅटरीच्या प्लसला लावा. तार छोटी पडली तर वायरचा तुकडा जोडून लांब करा. मीटरवर येईल तो आकडा म्हणजे प्लसच्या वाटेतला तोटा. मग मायनस ते मायनस तसेच मोजा. ही चाचणी करंट वाहत असतानाच करायची, म्हणजे मागची बॅटरी थोडी उतरलेली आणि इंजिन चालू. दहापैकी नऊ तारा तुटलेली केबलही करंट नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि कंटिन्युइटीची (वायर अखंड असल्याची) 'बीप' सुद्धा देते. करंट मोजायचा तर क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवायचा मीटर) डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट, मोजणारा आहे ना, हे विकत घेतानाच बघा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

वायरचा हिशोब साधा आहे. पुढून मागे सहा मीटर म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर. सहा स्क्वेअर एमएम जाडीच्या (छेदाच्या) तांब्याच्या वायरमधून ३० अँपिअर वाहताना एक व्होल्टहून जास्त पडतो. पंचवीस स्क्वेअर एमएममध्ये तोच पाव व्होल्टवर येतो. लोहार चाळीत केबल घेताना तांबे मागून घ्या. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला तशीच असते, पण रेझिस्टन्स बराच जास्त.

मुंबईत सर्वांत आधी संशय घ्यावा तो अर्थवर. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे बॉडीला बसवलेल्या थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज धरतो, वरून बोल्ट घट्टच दिसतो. तो सोडवा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, थिंबल नवे क्रिम्प करून (वायरवर घट्ट दाबून) बसवा आणि जोड पूर्ण झाल्यावर पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो, मात्र ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत आणखी एक भानगड आहे. त्यांतल्या अनेकांचा अल्टरनेटर पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. व्होल्टेज बघून चालणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो, त्यामुळे महामार्गावर तो सारखा सुटत राहतो. इथे रिले बदलून उपयोग नाही, डीसी-टू-डीसी चार्जरच (पुढून कमी व्होल्टेज आले तरी मागच्या बॅटरीला हवे तेवढे देणारा) लागतो. तो मागच्या बॅटरीजवळ बसवावा. ३० अँपिअरचा चार्जर पुढून चाळीसच्या आसपास ओढतो, तेव्हा किमान १६ स्क्वेअर एमएम केबल आणि दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा एकेक फ्यूज हवाच. करंट दोन्ही टोकांकडून येऊ शकतो. एकाच टोकाला फ्यूज टाकणे म्हणजे आगीला वाट मोकळी ठेवणे, आणि तरीही असे काम सर्रास होते. पुढच्या बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असेल, तर मागचा अर्थ त्या टर्मिनलला न जोडता बॉडीला द्यावा.

अपेक्षाही तपासायला हव्यात. लोणावळ्यापर्यंतच्या दोन तासांत अर्धी झालेली १५० अँपिअर-अवर क्षमतेची ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड) बॅटरी भरत नाही. तिला साधारण १५ अँपिअरच द्यावेत आणि शेवटचे वीस टक्के भरायला चार-चार तास जातात. त्यातला तासभर घोडबंदर रोडच्या कोंडीत गेला, तर आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) अल्टरनेटर फार थोडे देतो. शिवाय अशी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेत ती ठेवायची असेल, तर बंद पेटी आणि बाहेर निघणारी नळी लागतेच.

मागची बॅटरी छतावरच्या सोलर पॅनेलने भरत असाल, तर तिथला घोटाळा बहुधा सावलीचा असतो. कॅरिअरच्या दांड्याची सावलीही पॅनेलचा करंट निम्म्यावर आणू शकते. कंट्रोलरला (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधल्या डबीला) आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. काढताना उलट.

व्हॅनचे काम करून देणाऱ्या गॅरेजांना एकच मागणे आहे. गाडी ताब्यात देताना वायरिंगचा नकाशा द्या. त्यावर केबलची जाडी, फ्यूजचे आकडे आणि जागा, अर्थचे बोल्ट आणि चार्जरवर निवडलेला बॅटरीचा प्रकार लिहा. ग्राहकांनी तो हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आपला,
एक ऑटो-इलेक्ट्रिशियन, कुर्ला (पश्चिम), मुंबई