झोपेविषयी मित्रास पत्र

सांगली,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. केमोचे, तोंडात आलेल्या फोडांचे, बोटांना येणाऱ्या मुंग्यांचे तू सविस्तर लिहिले आहेस. झोपेविषयी मात्र अगदी शेवटी एकच ओळ आहे : 'झोप म्हणशील तर येत नाही, पण या आजारात ते चालायचेच.' माझे हे सगळे पत्र त्या एका ओळीला उत्तर आहे; कारण माझ्या आजारपणात मीही स्वतःची अशीच समजूत घातली होती आणि तिच्यापायी बरे झाल्यावरचीसुद्धा दोन वर्षे रात्र रात्र छताकडे पाहत काढली.

माझ्या लिंफोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे, उपचार तुला आठवत असतील. दर एकवीस दिवसांनी एक, अशा केमोच्या सहा सायकल होत्या आणि प्रत्येक सायकलचे पहिले पाच दिवस रोज 100 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे झोप उडवणारे स्टेरॉइड असे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही उतरलो होतो. त्या पाच दिवसांत मला रात्री पडून राहणे अशक्य होई, म्हणून मी जिन्यात येऊन बसे, तर तिथे आधीच कोणी ना कोणी बसलेले असे : कधी विदर्भातले एक शेतकरी आजोबा, कधी बिहारमधून मुलाला घेऊन आलेली आई. रात्री दोन वाजता आम्ही एकमेकांना आपापल्या न लागणाऱ्या झोपेविषयी सांगत असू, आणि सकाळी ओपीडीत गेल्यावर पांढऱ्या पेशी किती, पुढचा स्कॅन कधी, एवढेच विचारून परत येत असू. डॉक्टरांची मोलाची पाच मिनिटे झोपेसारख्या किरकोळ तक्रारीवर कशी घालवायची, असा आम्हा सगळ्यांचाच संकोच होता. तो संकोच चुकीचा होता, हे मला फार उशिरा कळले.

कर्करोगाच्या रुग्णांपैकी निदान एकतृतीयांश लोकांना निद्रानाशाचा त्रास होतो. काही पाहण्यांत हे प्रमाण निम्म्याच्याही वर गेलेले आहे. उपचार संपले म्हणजे झोप आपोआप परत येईल हा समजही अनेकांच्या बाबतीत खरा ठरत नाही. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये याचा जो उलगडा केला, तो मला माझ्याच घरची हकीकत वाचावी इतका ओळखीचा वाटला. काहींची झोप मुळातच सावध असते. त्यात निदानाचा धक्का, औषधे, वेदना यांनी ती मोडते. पण ते कारण ओसरल्यावरही ती मोडलेलीच राहते, ती आपण लावून घेतलेल्या सवयींमुळे. रात्रीची भरपाई म्हणून मी दुपारी दोन-दोन तास झोपत असे, रात्री नऊलाच अंथरुणावर पडत असे आणि झोप यावी म्हणून डोळे घट्ट मिटून झगडत असे. हळूहळू असे झाले की, दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचताना डुलकी लागे आणि उशीला डोके टेकले की लख्ख जाग येई.

तुझ्या बाबतीत मात्र आधी पाहायच्या गोष्टी निराळ्या आहेत. उलटी होऊ नये म्हणून केमोनंतर घरी घ्यायला दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळीने झोप उडते. तू ती रात्रीच्या जेवणानंतर घेतोस असे लिहिले आहेस. ती सकाळी न्याहारीनंतर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचार. मनाने वेळ बदलू नकोस आणि बंदही करू नकोस. दुसरे, केमोचे औषध नळीतून हळूहळू सोडणारी ती पंपाची बाटली. शेहेचाळीस तास ती अंगाला जोडलेली असताना नळी ओढली जाईल या धास्तीने तू कूसच बदलत नाहीस, हे मला तुझ्या पत्रावरून कळले. नळी पक्की कशी चिकटवायची आणि बाटली निजताना कुठे ठेवायची, हे तिथल्या नर्सना एकदा नीट दाखवायला सांग. आणि दुखण्यामुळे जाग येत असेल तर तसे स्पष्ट सांग, कारण तिथे उपचार वेदनेवर व्हायला हवा.

माझी झोप परत आली ती गोळीने नव्हे. दीर्घ निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये ज्याची शिफारस केली, त्या बोधात्मक वर्तनोपचाराने, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराने, ती आली. समुपदेशक बाईंनी मला दोन आठवडे झोपेची वही ठेवायला लावली. त्या वहीतून निघाले की, मी नऊ तास अंथरुणात असतो आणि झोपतो जेमतेम पाच तास. तेव्हा त्यांनी अंथरुणाची वेळच रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढी ठरवून दिली. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे आणि डोळे जड झाले तरच परतायचे. पहिले दहा-बारा दिवस मला अक्षरशः रडू येई. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सलग पाच तास झोपलो आणि मग बाई अंथरुणाची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत गेल्या. हा वेळ कमी करण्याचा भाग तू केमो चालू असताना स्वतःहून करू नकोस. तूर्त दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची ठेव, रोज एकाच वेळी ऊठ, सकाळच्या उन्हात थोडे चाल, आणि रात्री उठलास तर कोमट पाणीच पी. तुझ्या केमोतल्या ऑक्सालिप्लॅटिन या औषधामुळे गार पाणी तुला कसे टोचते ते तू जाणतोसच.

योगासनांविषयी तू विचारले आहेस. उपचार संपलेल्या 410 रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, चार आठवडे सौम्य आसने व प्राणायाम केलेल्यांची झोप सुधारली होती, तेव्हा डॉक्टर हो म्हणाले की जरूर कर. शेजाऱ्यांनी देऊ केलेली झोपेची गोळी मात्र घेऊ नकोस. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाबरोबर अशा गोळ्यांनी श्वास मंदावू शकतो.

एक गोष्ट लिहू की नको, असा बराच विचार केला. वहिनींची झोप मोडू नये म्हणून तू डोळे मिटून निश्चल पडून राहतोस, असे लिहिले आहेस. मीही तेच करत असे. पुढे कधीतरी पत्नीने सांगितले की, त्या सगळ्या रात्री तीही जागीच असे आणि मला कळू नये म्हणून कुशीवर वळून निजल्याचे भासवत असे. एकाच खोलीत आम्ही दोघे इतके एकटे होतो, याचे मला अजून वाईट वाटते. तू वहिनींशी आजच बोल.

सोबत वहीचे एक पान आखून पाठवतो आहे. किती वाजता आडवा झालास, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, किती वेळा जाग आली, केव्हा उठलास आणि डेक्साची गोळी केव्हा घेतलीस, एवढेच रोज सकाळी भर. रात्री घड्याळ पाहू नकोस, अंदाज पुरेसा आहे. पुढच्या बुधवारच्या ओपीडीला मी येतो आहे, गाडीचे आरक्षण झाले आहे. पान फायलीत सगळ्यात वर ठेव म्हणजे तेच आधी दाखवता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र