स्पीकर घेताना मृणालचे कान बरोबर ने

मिरज

चि. रोहन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, तू तरी मृणालला समजाव." मी तेव्हा विषय बदलला, कारण तुझे बाबा शेजारीच बसले होते आणि स्पीकरचं नाव निघालं की ते फोन माझ्या हातात राहू देत नाहीत. म्हणून सावकाश लिहिते. मी तिला समजावणार नाही. उलट आधी तिची बाजू मांडणार आहे, मग तुझीही.

तुला घ्यायच्या असलेल्या स्पीकरांचा तू पाठवलेला फोटो पाहिला. मीटरभर उंचीचे, काळे, चकचकीत खांब. तुझी समजूत अशी की मृणालला ते दिसायला आवडले नाहीत. तुम्हा हायफायवाल्यांत ही थट्टा जुनीच आहे. आवाजाचं नवऱ्याने बघायचं आणि बायकोने फक्त रंग पसंत करायचा. 'घरात चालेल ना?' एवढंच तिला विचारायचं. मला ती थट्टा कधी रुचली नाही. मृणालशी माझं बोलणं झालं तेव्हा तिने रंगाचा र सुद्धा काढला नाही. ती म्हणाली, "आई, दुकानात दुसऱ्या गाण्यालाच माझे कान शिणले. गाणाऱ्या बाईंचा प्रत्येक 'स' टोचत होता." अरे, ही तक्रार आवाजाची आहे, आणि किती नेमकी आहे!

'स'ची सगळी फुसफुस साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. त्या पट्ट्यात स्पीकर जरा जास्त बोलका असला की दुकानात तो 'क्लिअर' वाटतो. झांजा लखलखतात, गिऱ्हाईक खूश होतं. घरी तोच दोन तास वाजला की डोकं धरतं. शिवाय वय वाढतं तसे वरचे सूर ऐकू येणं कमी होत जातं, आणि पुरुषांचं बहुधा आधी. तू पस्तिशीला आलास, त्यात कॉलेजपासून इअरफोन कानाला चिकटलेले. तिला जे ऐकू येतं ते तुला पूर्ण येत असेलच असं नाही. तेव्हा तिला नुसती मंजुरी द्यायला नेऊ नकोस, ऐकायला ने.

दुकानाबद्दल आणखी एक. तू म्हणालास, तिथे तीन जोड्या ऐकल्या आणि हीच सरस वाटली. प्रत्येक वेळी आवाजाचं बटण त्याच खुणेवर ठेवलं होतं ना? मग तुलना झालीच नाही. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो ते, 86 डेसिबल असेल आणि दुसऱ्याची 90, तर त्याच खुणेवर दुसरा चार डेसिबलने मोठा वाजणार. पहिल्याला तिथवर आणायला अडीचपट वॅट लागतील. आणि आपल्या कानांची गंमत अशी की एखाद डेसिबलने मोठं वाजलेलं आपल्याला 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. फोनवर आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं. अचूक नसतं, पण दोन जोड्या एका पातळीवर आणायला पुरतं. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे.

आता जागेचं. बाबांचे जुने सागवानी खोके तुला आठवत असतील. इथल्याच सुताराकडून करून घेतलेले, आत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारे मोठे पडदे. आपली ती दहा बाय बाराची खोली, आणि दोन खोके दोन कोपऱ्यांत, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. तबल्यावर कोणीही बसो, डग्गा एकाच सुरात हुंकारायचा. कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज फुगवतात. त्यात दहा फुटांची खोली साधारण 56 हर्ट्झला घुमते आणि बारा फुटांची 47 ला. तेवढेच सूर अंगावर येतात, बाकीचे त्यांच्याखाली दडपून जातात. मी बारावीच्या वर्गात स्थिर तरंग शिकवायची आणि घरी त्याचं प्रात्यक्षिक अखंड चालू असायचं. एकदा केर काढताना मी एक खोका दीड हात पुढे ओढला, दुसराही तसाच घेतला, आणि गाणारा माणूस भिंतीतून बाहेर येऊन बसल्यासारखा झाला. बाबांनीही मान्य केलं. संध्याकाळपर्यंत खोके परत कोपऱ्यात, कारण कपाटाचं दार उघडत नव्हतं.

म्हणून सांगते, आधी जागा ठरवा, मग स्पीकर. तुला आवडलेल्या जोडीचं खर्जाची हवा बाहेर सोडणारं छिद्र मागच्या बाजूला आहे. असे स्पीकर भिंतीपासून निदान फूट-दीड फूट पुढे हवेत. तुमच्या हॉलमध्ये दीड फूट पुढे म्हणजे उजवा स्पीकर थेट बाल्कनीच्या दाराशी. वाळत टाकलेले कपडे काढायला रोज कोण जातं, ते मी विचारत नाही. स्पीकरच्या तळाएवढे वर्तमानपत्राचे तुकडे कापून फरशीवर चिकटवा आणि आठवडाभर त्यांना वळसा घालून चालून बघा. दोघंही. ज्याच्या पायाखाली कागद जास्त वेळा फाटेल त्याला जागा बदलायचा पहिला अधिकार.

तुझी बाजू मला कळते. छोटे घेतले तर खर्ज जाईल ही तुझी भीती. पण तू ऐकतोस काय, ते आकड्यांत बघ. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर षड्ज साधारण 139 हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 ला. चांगला बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे स्टँडवर ठेवायचा लहान खोका, पन्नास-पंचावन्नपर्यंत सहज उतरतो. गिटारवाल्यांच्या बेसची सर्वांत खालची तार 41 ला बोलते. तिथे मात्र लहान स्पीकर कमी पडतो हे खरं, आणि मृणालला तर तसलंच संगीत आवडतं. म्हणजे खाली उतरणाऱ्या स्पीकरची गरज तुझ्यापेक्षा तिला जास्त! तसं वाटलंच तर पुढेमागे छोटा सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा खोका, घ्या. ऐंशी हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला धड कळत नाही, त्यामुळे तो सोफ्याच्या बाजूलाही खपून जातो. फक्त खालच्या मजल्यावरच्यांची आठवण ठेवा. खर्ज स्लॅबमधून आरपार जातो.

लहान म्हणजे कमअस्सल, हे डोक्यातून काढ. सत्तरच्या दशकात बीबीसीने आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए नावाचा स्पीकर बनवला. गाडीत जागा ती केवढी! जेमतेम पाच लिटरचा बंद खोका. मोठा वाजत नाही, खालीही फार उतरत नाही, पण माणसाचा आवाज असा देतो की लोक आजही तो शोधत हिंडतात. बीबीसीच्या अभियंत्यांची परीक्षाही साधी होती. ओळखीच्या माणसाला बोलायला लावायचं आणि तोच आवाज स्पीकरमधून ऐकून ताडून बघायचं. झांजा खऱ्या कशा वाजतात हे कितीजणांना ठाऊक असतं? रोजच्या माणसाचा आवाज मात्र सगळे ओळखतात.

तुम्हीही तेच करा. एका शांत खोलीत तू मृणालचं बोलणं रेकॉर्ड कर, तिने तुझं करावं. फोनचा माइक काही स्टुडिओचा नव्हे, पण दोन जोड्यांमधला फरक दाखवायला पुरे. ज्या स्पीकरवर ती सर्दी झाल्यासारखी बोलेल तो तुझ्याकडून बाद. ज्यावर तू पिंपातून बोलल्यासारखा वाटशील तो तिच्याकडून. बादचा हक्क दोघांना सारखा, आणि 'का' हे पटवून द्यायची सक्ती नाही.

दुसरी परीक्षा तानपुऱ्याची. मिरजेत वाढलास, सतारमेकर गल्लीत तासन् तास उभा राहायचास, तेव्हा हे तुला नव्याने सांगायला नको. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत नेतो, आणि एका जागी आवाज एकदम उमलतो. ती जवारी स्पीकरमध्ये ऐक. वरचे सूर वाढवलेला स्पीकर असेल तर तिची पत्र्यासारखी किणकिण होते, बोथट असेल तर नुसती घूं ऐकू येते. चांगल्या स्पीकरवर चारही तारा एकमेकींत मिसळतात आणि तरी वेगळ्या मोजता येतात. नुसता तानपुरा दहा मिनिटं चालू ठेवा. मृणालला त्यातलं शास्त्र माहीत नसलं तरी कान शिणला की नाही, हे ती लगेच सांगेल.

आणि हे सगळं हळू आवाजात करा, हा माझा मोठा आग्रह आहे. तुमच्याकडे गाणी केव्हा लागतात? रात्री नऊनंतर, जेवणं उरकल्यावर, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की आवाज जितका हळू, तितका खर्ज कानाला जास्तच कमी ऐकू येतो. जुन्या अँप्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी. दुकानात दणक्यात भरभरून वाजलेला स्पीकर घरी रात्री पातळ लागतो, त्याचं हेही एक कारण. म्हणून दुकानदाराला सांगा की आम्ही बोलताना आमचं आम्हाला ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. जमलं तर जोडी दोन दिवस घरी मागा. काही विक्रेते अनामत ठेवून देतात.

घरी आणल्यावर मात्र दोष स्पीकरला देण्याआधी हॉलच्या मधोमध एक टाळी वाजवून बघा. गुळगुळीत टाइल्स, काचेचं सरकतं दार, उघड्या भिंती. टाळी तिथल्या तिथे थरथरत राहिली तर कितीही महागडा स्पीकर टोचणारच. जाड पडदे आणि सोफ्यापुढे एक सतरंजी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पडदे लावायचे म्हणून मृणाल गेल्या दिवाळीपासून तुझ्या मागे लागली आहे, हे मला माहीत आहे. मी दिलेली मोठी गोधडी कपाटात घडी होऊन पडली असेल तर तीही भिंतीवर लावा.

बारीकसारीक गोष्टींत दोन-चार सूचना. उंच स्पीकर फरशीवर उभे केलेत तर रोजच्या पोछ्याचं पाणी तळाशी लागतं आणि खोक्याचं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, खालून फुगतं. मागच्या छिद्रात झुरळं बिऱ्हाड करतात. बाबांनी एकदा टॉर्च लावून आत पाहिलं तर पालीची अंडी! जाळी लावून घ्या. वूफरच्या कडेला फोम नको, रबर हवं. आपल्या जुन्या खोक्यांचा फोम असा कुजला की बोट लावताच काळा भुगा हाताला यायचा. बुकशेल्फ घेतलेत तर स्टँड जड घ्या, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे. वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी तांब्याची, अडीच स्क्वेअर मिलिमीटर जाडीची. तिच्यावर पगार उधळलास तर मला सांगू नकोस.

अँप्लिफायर पोटातच असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकरही एकदा बघा. एचडीएमआय एआरसीची, म्हणजे टीव्हीचा आवाज एकाच वायरीने बाहेर घ्यायची, सोय असेल तर टीव्हीला जोडता येतात आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. तू घरात नसताना मृणालला बातम्या लावायच्या असल्या तर तीन खोके क्रमाने चालू करावे लागू नयेत. बाबांचा तो पसारा मला आजही एकटीला चालू करता येत नाही, आणि आता मी शिकणारही नाही.

खांब पुन्हा ऐकायचेच असतील तर जरूर ऐका. वरच्या सगळ्यातून ते दोघांच्या कानांना उतरले तर खुशाल आणा, मी काळ्या रंगाबद्दल अवाक्षर काढणार नाही. तिला विचारून तिच्या आवडीची दहा गाणी यादीत घाल, नुसती तुझी नकोत. आणि शनिवारी दुकानात गर्दी असते, मधल्या वारी अर्धी सुट्टी टाकून जा. काय ठरलं ते फोनवर आधी मला कळव, बाबांना मग.

मृणालला आशीर्वाद. तिची सर्दी बरी झाली असेल तरच आवाज रेकॉर्ड कर.

तुझी,
आई