अपघातापाशीच का थांबलात?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी बास्केटबॉलपटू जे विल्यम्स याच्यावरचा लेख वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. ‘नियतीने हिरावलेला तारा’ हे शीर्षकच मला मान्य नाही. १९ जून २००३ रोजी शिकागोत तो मोटारसायकलसह खांबावर आदळला तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हते, मोटारसायकलचा परवाना नव्हता आणि त्याच्या संघाबरोबरच्या, शिकागो बुल्सबरोबरच्या करारात तर मोटारसायकल चालवायलाच मनाई होती. यातले एक अक्षर लेखात नाही. सगळे नियतीच्या माथी मारून लेखक मोकळे झाले.

हे मला झोंबले, कारण आमच्या घरात हे घडले आहे. माझा धाकटा भाऊ विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळायचा. सरावावरून मित्राची गाडी घेऊन येताना घसरला. परवाना नाही, हेल्मेट नाही. मांडीत सळी बसवावी लागली, गुडघ्याचे लिगामेंट फाटले. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘देवाची करणी’ म्हणायचा आणि त्याच्या उशापाशी उभा राहून ‘काय खेळायचा हो!’ असे माझ्या आईला सांगायचा. पोरगा डोळे उघडे ठेवून ऐकत पडलेला असायचा. ज्या महाविद्यालयाने क्रीडा कोट्यातून त्याला हौसेने प्रवेश दिला, तिथून नंतर साधी विचारपूससुद्धा झाली नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत दहापर्यंत मोजायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, हा व्यायाम त्याने महिनोन्‌महिने केला. ते बघायला कोणी आले नाही. आज तो नोकरी सांभाळून जिल्हा स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो, पण गावात अजून त्याची ओळख ‘तो अपघात झालेला’ अशीच करून देतात.

आपल्या लेखाने विल्यम्सचे नेमके हेच केले. ओटीपोटाचे हाड मोडले, गुडघ्याचे लिगामेंट फाटले, पायाचा मुख्य मज्जातंतू तुटला, इथपर्यंत सगळे रंगवून सांगितले आणि शेवटी ‘विस्मृतीत गेला’ म्हणून पूर्णविराम दिला. कुठे गेला विस्मृतीत? अपघातानंतर आठवड्याभरातच बुल्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कर्क हाइनरिक हा नवा गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) निवडला आणि २००४ साली विल्यम्सला मोकळे केले, तरी त्याने चेंडू सोडला नाही. २००६ मध्ये न्यू जर्सी नेट्स या दुसऱ्या संघाकडे प्रयत्न केला, हंगाम सुरू होण्याआधीच त्यांनी वगळले, तर दुय्यम लीगमध्ये ऑस्टिन टोरोज संघाकडून उतरला. वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन लागले, जीव द्यावासा वाटला, हे त्याने स्वतः जगासमोर सांगितले आहे. त्यातून उठून तो ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर बास्केटबॉलचा विश्लेषक झाला. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक लीगमध्ये, तो एकच हंगाम, ७५ सामने खेळला. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांना आपल्याकडे चार ओळींचीही जागा नसावी?

आणखी एक. ड्यूक विद्यापीठात त्याने समाजशास्त्राची पदवी तीन वर्षांत पूर्ण केली आणि मगच तो २००२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पहिला चीनचा याओ मिंग होता. क्रीडा कोट्यातल्या आपल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना ही गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगायला हवी होती. लेखकांनी तीही गाळली. २००१ च्या जानेवारीत मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध शेवटच्या मिनिटात दहा गुणांची पिछाडी असताना या मुलाने १३ सेकंदांत ८ गुण केले आणि ड्यूकने तो सामना जादा वेळेत जिंकला, त्याचाही उल्लेख नाही. मग लेख नेमका कशावर होता?

छायाचित्रही चुकीचे आहे. छापलेला तो सॅक्रामेंटो किंग्ज संघातून खेळलेला जेसन विल्यम्स. तो गोरा, हा कृष्णवर्णीय. नाव सारखे म्हणून हाताला लागेल तो फोटो छापायचा का?

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. परवा मुलींच्या राज्य स्पर्धेचा निकाल आपण दोन ओळींत छापलात. कोणत्या संघाने कोणाला हरवले, संपले. कोणी किती गुण केले, एकीचेही नाव नाही. या मुली उन्हात तापलेल्या सिमेंटच्या मैदानावर खेळतात, घरी कात्रण जपून ठेवतात. गुणलेखकाची वही स्पर्धेच्या जागी असतेच, वार्ताहराने ती मागायची तेवढी. येत्या रविवारी विल्यम्सच्या छायाचित्राची दुरुस्ती छापावी आणि पुढच्या स्पर्धेपासून निकालाबरोबर खेळाडूंची नावे व गुण द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली