बंदरमंत्र्यांना खुलं पत्र : बोटीवरच्या दारूच्या सीलपायी आम्ही किती दिवस अडकायचं?

मा. केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री महोदय,
(प्रत अर्थमंत्र्यांना, कारण कस्टम्स त्यांच्याकडे, आणि महाराष्ट्राच्या राज्य उत्पादन शुल्क मंत्र्यांना, कारण दारू त्यांच्याकडे)

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, बोटीवर चीफ कूक आहे. आपल्याला वेळ कमी असतो हे माहितीय, पण हे पत्र पूर्ण वाचावं ही विनंती. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात आपल्या खात्याने 1908 चा बंदर कायदा मोडीत काढून नवा आणला, 1958 चा मर्चंट शिपिंग कायदाही बदलला, आणि इंग्रजांच्या काळातलं ओझं उतरवलं असं देशाला सांगितलंत. आम्ही बोटीवर मेसरूममध्ये बसून ती बातमी मोबाईलवर बघितली आणि खरंच आनंद झाला. त्यानंतर लगेचच्या ट्रिपला माझ्यासोबत जे झालं ते सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोटीवर एक बाँड स्टोअर असतं. दारू, सिगरेट वगैरे ड्युटी, म्हणजे कस्टम्सचा कर, न भरलेला माल त्यात असतो. बोट बंदरात आली की कस्टम्सचा माणूस येतो, कॅप्टनच्या यादीवरून बाटल्या, कार्टन मोजतो, दाराला कुलूप घालून वर कागदाची पट्टी चिकटवतो, तिच्यावर सही-शिक्का मारतो. बोट बाहेर पडेपर्यंत ती पट्टी जशीच्या तशी राहिली पाहिजे. आमच्या बोटीवर बाँडची खोली फ्रीजरूमला लागून आहे. पावसाळ्यात आत थंड आणि बाहेर दमट, त्यामुळे त्या लोखंडी दाराला सतत पाणी सुटतं. एका सकाळी बघतो तर पट्टीचं खालचं टोक सुटून लोंबकळतंय, डिंक पांढरा होऊन ओघळलाय. कुलूप जागेवर. मी हात न लावता कॅप्टनला बोलावलं, कॅप्टनने फोटो काढून तिथल्या तिथे एजंटला, म्हणजे बंदरात कंपनीची कामं बघणाऱ्या माणसाला, मेल टाकला. एजंट म्हणाला माणूस पाठवतो.

कस्टम्सचा माणूस आला तो थेट "सील तोडलंय" म्हणतच आला. दार उघडून मोजणी झाली, यादीतली प्रत्येक बाटली आत होती, एक सिगरेटचं पाकीटसुद्धा कमी नव्हतं. तरी कागदावर छेडछाड लिहिलं. चावी माझ्याकडे म्हणून नाव माझं. माझा पंचनामा मला दाखवला नाही, कॉपी मागितली तर मिळाली नाही. माझा रिलिव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारा कूक, बंदराच्या गेटवर बॅगा घेऊन उभा होता, त्याला परत पाठवलं, आणि चौकशी होईपर्यंत माझं साइन ऑफ, म्हणजे बोटीवरून उतरून घरी जाणं, थांबवलं. चौकशी कसली, बोट दुसऱ्या दिवशी सुटली आणि मी तिच्यासोबत. बंदराचं नाव आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला पुढेही नोकरी करायचीय.

साहेब, यंदा गणपतीची पाळी आमच्या घराची होती. आमच्याकडे भावकीत पाळी फिरते, किती वर्षांनी आमच्याकडे आली होती. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधायला मी येणार म्हणून वडिलांनी दोरसुद्धा आणून ठेवला होता. त्यांचे गुडघे गेलेत, स्टुलावर चढता येत नाही, तरी चढले. बायकोने व्हिडिओ कॉल केला तेव्हा आमच्याकडे नेटवर्क तुटत होतं, आरतीचा अर्धाच आवाज आला आणि गेला. घरी पोचलो तेव्हा विसर्जन कधीच होऊन गेलं होतं. आणि हिशोबाचा कागद हातात पडला तर त्यात "इतर कपात" म्हणून पैसे वळते केलेले. कंपनीने तिकडे प्रकरण मिटवायला जे काय दिलं ते माझ्या पगारातून. बक्षीस, चहापाणी, सिगरेटचे कार्टन हे काय चालतं ते बोटीवरच्या प्रत्येक माणसाला माहितीय आणि तुमच्या खात्यालाही माहितीय, आता ते माहीत नाही असं कुणी म्हणू नये.

आता कायद्याचं बोलतो, वाचून बोलतोय. आमच्या मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला 1878 साली, आणि बोटीवरच्या मालाचा सी कस्टम्स कायदासुद्धा 1878 चाच. सरकारला बंदरातली प्रत्येक बाटली मोजून महसूल हवा होता आणि दारू पिऊन फिरणाऱ्या गोऱ्या खलाशांची धास्तीही होती. त्यांना राहायला मुंबईत 1876 साली सेलर्स होम उघडलं, त्याच इमारतीत आज राज्याच्या पोलीस महासंचालकांचं ऑफिस आहे. स्वातंत्र्यानंतर 1949 ला मोरारजीभाईंच्या काळात दारूबंदीचा कायदा झाला, 1962 ला नवा कस्टम्स कायदा आला. नावं बदलली, पण लायसन, परमिट, पास, सील, यादी हा सगळा सांगाडा तोच राहिला. 1949 च्या कायद्यात बोटीवर दारू ठेवायला-विकायला कंपनीने नाहीतर कॅप्टनने लायसन घ्यायचं असं वेगळं कलम आहे, 38 नंबरचं. त्याच्या पुढचंच 39 युद्धनौका आणि लष्कराच्या मेसला सवलत देतं. या दारूबंदी कायद्याविरुद्ध बालसारा नावाच्या माणसाची केस सुप्रीम कोर्टात गेली, त्यात ही सवलत भेदभाव आहे हाही मुद्दा होता, 1951 ला कोर्टाने सवलत योग्य ठरवली. ठीक आहे, नौदलाचा मान आम्हालाही आहे. पण मग व्यापारी बोटीवरचा माणूस देशासाठी काहीच करत नाही का? तुम्ही घरी जे तेल-गॅस जाळता ते कोण आणतं?

आणि हाच कायदा तिकडे गुजरातलाही गेला. म्हणजे बोट न्हावा शेवाहून सुटून मुंद्र्याला गेली की बाटली तीच, माणूस तोच, आणि किनाऱ्यावर पूर्ण दारूबंदी. त्यात बोट परदेशी फेरीवरून कोस्टल, म्हणजे देशातल्याच बंदरांत फिरणारी, झाली की बाँडमधल्या मालावर ड्युटी लागते, परत मोजणी, परत कागद. बंदर तुमचं, कस्टम्स अर्थखात्याचं, दारू राज्याची. एका कपाटाला तीन मालक आणि जबाबदार धरायला एक कूक.

बोटीवर दारूवर नियंत्रण नको असं मी म्हणत नाही, उलट कडक पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमाने रक्तात 0.05 टक्क्याची मर्यादा आहे, 2010 च्या मनिला दुरुस्तीपासून. टँकरवर तर बऱ्याच कंपन्यांत थेंबही चालत नाही, कधीही मशीन तोंडाशी धरतात आणि आम्ही गपचूप फुंकतो, कारण एका झिंगलेल्या माणसाने सगळ्यांचा जीव जाऊ शकतो. या नियमाने माणूस वाचतो. कागदाच्या पट्टीने कोण वाचलं सांगा. ज्या इंग्रजांनी ही सवय लावली त्यांच्या नौदलाने रोजची रम 1970 मध्ये बंद करून टाकली, आपण मात्र डिंक लावतोय.

तुमचं खातं भाषणात सांगतं जगातल्या खलाशांत 12 टक्के भारतीय आहेत, 2030 पर्यंत 20 करायचेत. 20 करून काय करणार, अजून लोकांना असंच अडकवणार? मतदानाच्या दिवशी आम्ही समुद्रात असतो, सैनिकांसारखं पोस्टाने मत देता येत नाही, म्हणूनच कुणाला आमची पर्वा नाही असं आता मला स्पष्ट वाटतं. परदेशी बंदरात गँगवेवर, म्हणजे बोटीत चढायच्या शिडीवर, अधिकारी नीट बोलतो आणि आपल्याच देशात, आपल्याच माणसासमोर, हात बांधून उभं राहावं लागतं.

तर मागणी एवढीच. कागदी पट्टी बंद करा, नंबर असलेलं प्लास्टिक किंवा वायरचं सील लावा, कंटेनरला लावतात तसं, ते काय महाग नाही. माल पूर्ण असेल तर सील सुटलं एवढ्यावरून कुणाला दोषी धरू नका. जो कागद करायचा तो खलाशाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा आणि कॉपी हातात द्या. चौकशी चालू आहे म्हणून साइन ऑफ अडवायचं असेल तर लेखी कारण आणि अधिकाऱ्याचं नाव द्या. कस्टम्स आणि एक्साइजने एकदाच एकत्र येऊन तपासणी करावी. आणि ज्याच्या पगारातून असे पैसे कापले त्याला ते परत मिळवायला दाद मागायची जागा तुमच्या खात्यात असू दे, आज मला कुठे अर्ज करायचा तेच कुणी सांगत नाही, एजंट कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी एजंटकडे.

दिवाळीनंतर माझं परत जॉइनिंग आहे, त्याच कंपनीत, बहुतेक त्याच बोटीवर. त्याआधी लेखी उत्तर पाहिजे. "पत्र मिळाले, पुढे पाठवले आहे" असलं उत्तर नको, ते माझ्याकडे दुसऱ्या खात्याचं आलेलं आहे.

आपला,
एक चीफ कूक, रत्नागिरी जिल्हा