दूरच्या एका अंकासाठी आभार

दशांश मजकुराचे बायनरी संख्येत रूपांतर करणाऱ्या ‘स्ट्रटॉड’ (strtod) या सी प्रोग्रॅमिंग भाषेतील फंक्शनमधील चूक ज्यांनी निस्तरली, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या दोन लगतच्या डबल मूल्यांच्या, म्हणजे संगणकाला ६४ बिटांत नेमकेपणाने साठवता येणाऱ्या संख्यांच्या, बरोबर मध्यावर येते; अशा वेळी साठवलेल्या बायनरी रूपाचा शेवटचा बिट ० असलेले मूल्य निवडायचे, या नियमाप्रमाणे ती शेवटी ९९२ असलेल्या मूल्याकडे वळते. मात्र दशांशचिन्हापुढे कितीही शून्यांनंतर एखादा १ आला, तरी उत्तर ९९४ चेच हवे, आणि आमच्या कोड-लायब्ररीत तो दूरचा १ वाचलाच जात नव्हता. एकाने मोजक्या ओळींचा प्रोग्रॅम लिहून चूक हमखास घडवून दाखवली, दुसऱ्याने उरलेले अंक तपासणारी दुरुस्ती केली. आणखी कोणीतरी, नावही न कळवता, अशाच काठावरच्या संख्यांच्या चाचण्या जोडल्या. मला त्याच सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण पुढील बदलांत ही चूक पुन्हा शिरली तर ती तिथेच पकडली जाईल.